भूल देण्यापूर्वी गोळ्यांचा हिशेब हवा

सकाळी दाखल व्हायचे, दुपारी शस्त्रक्रिया करून घ्यायची आणि सायंकाळी घरी परतायचे, ही पद्धत एकेकाळी मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांची ओळख मानली जात असे. आता ती जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतही रुजू लागली आहे. हर्निया, अंडवृद्धी, भगंदर, स्तनातील गाठ, तोंडातील व्रणाचा तुकडा तपासणीसाठी काढणे, हाड जुळल्यावर आतली पट्टी काढणे अशा अनेक शस्त्रक्रियांसाठी आज रात्रभर खाट अडवून ठेवण्याची गरज उरलेली नाही. विमा कंपन्यांनीही २४ तासांपेक्षा कमी मुक्कामाच्या अशा उपचारांना ‘डे केअर’ म्हणून मान्यता दिली आहे. रुग्णाचा खर्च वाचतो, सोबतच्या नातेवाइकांची मजुरी बुडत नाही आणि रुग्णालयाची खाट मोकळी राहते.

या सोयीत एक धोका मात्र दडलेला आहे. रुग्ण आदल्या दिवशी दाखल होत असे, तेव्हा त्याची नीट विचारपूस होण्यास एक संध्याकाळ मिळत असे. आता भूलतज्ज्ञ आणि रुग्ण यांची पहिली भेट अनेकदा शस्त्रक्रियागृहाच्या दारातच होते. बाहेरगावच्या रुग्णालयांत फिरून सेवा देणाऱ्या भूलतज्ज्ञांच्या बाबतीत तर हे नित्याचेच आहे. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, दमा आहे का, हे त्या घाईतही विचारले जाते. ‘दुखण्यासाठी कोणती गोळी घेता, किती घेता आणि किती दिवसांपासून घेता,’ हा प्रश्न मात्र राहून जातो. ज्या रुग्णाला डॉक्टरांच्याच चिठ्ठीने अफूवर्गीय वेदनाशामके सुरू आहेत, त्याच्यासाठी हा राहून गेलेला प्रश्न प्राणाशी खेळ ठरू शकतो. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात या प्रश्नाला अंतराची, कायद्याची आणि पाण्याचीही बाजू आहे.

कोणत्या गोळ्या, कोणते रुग्ण?

अफूपासून मिळणारी किंवा अफूतील द्रव्यांप्रमाणेच मेंदू आणि मज्जारज्जूवर काम करणारी जी औषधे आहेत, त्यांना वैद्यकीय भाषेत ‘ओपिऑइड’ म्हणतात. मॉर्फिन, कोडीन, फेंटानिल, मेथाडोन, ब्युप्रेनॉर्फिन, ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल ही त्यांतील नेहमीची नावे. अमली पदार्थ म्हटले की डोळ्यांपुढे गुन्हेगारी येते. परंतु येथे विषय डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधांचा आहे.

ग्रामीण भागात असे रुग्ण ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला कर्करोगाचा रुग्ण. तंबाखू, खर्रा आणि गुटखा यांनी विदर्भात तोंडाच्या कर्करोगाचे मोठे ओझे निर्माण केले आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी असली तरी जुन्या सवयींची फळे अजून भोगावी लागत आहेत. हे रुग्ण नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई येथील कर्करोग रुग्णालयांतून मॉर्फिनच्या गोळ्या घेऊन येतात आणि पुढच्या किरकोळ शस्त्रक्रियांसाठी जवळचे रुग्णालय गाठतात.

दुसरा प्रकार सर्वाधिक आढळणारा आणि सर्वांत कमी नोंदला जाणारा. कंबर, मणका आणि गुडघे यांच्या दुखण्यासाठी ट्रामाडॉल किंवा ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची एकत्रित गोळी घेणारा शेतकरी, शेतमजूर, चालक, हमाल. गोळीला तो ‘दुखण्याची गोळी’ एवढेच म्हणतो. ती अफूवर्गीय आहे, याची त्याला कल्पना नसते.

तिसरा प्रकार व्यसनमुक्तीच्या उपचारांतील रुग्णांचा. अफू किंवा हेरॉइनच्या व्यसनातून बाहेर पडण्यासाठी ब्युप्रेनॉर्फिन दिले जाते. दारू सोडण्यासाठी काहींना नालट्रेक्सोन दिले जाते. नालट्रेक्सोन हे स्वतः वेदनाशामक नाही. उलट ते अफूवर्गीय औषधांचा परिणाम रोखून धरते. व्यसनाचा उल्लेख टाळण्याकडे स्वाभाविक कल असल्याने हे रुग्ण आपली गोळी सांगत नाहीत. मग शस्त्रक्रियेनंतर दिलेले वेदनाशामक इंजेक्शन का लागू पडत नाही, याचा उलगडा कोणालाच होत नाही.

सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेले राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. देशातील १० ते ७५ वयोगटातील सुमारे २.०६ टक्के लोक, म्हणजे जवळपास २ कोटी २६ लाख व्यक्ती, कोणत्या ना कोणत्या अफूवर्गीय पदार्थाचे सेवन करतात, असे त्यात आढळले. त्यांत औषधी स्वरूपातील गोळ्या-इंजेक्शनांचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण ०.९६ टक्के होते. शंभरात एक, हे प्रमाण दिसायला लहान आहे. पण दररोज शस्त्रक्रियेच्या टेबलावर येणाऱ्या रुग्णांच्या संख्येशी ते ताडून पाहिले तर भूलतज्ज्ञाने ते नजरेआड करावे इतके लहान नाही.

दोन्ही बाजूंनी धोका

अफूवर्गीय औषध काही आठवडे नियमित घेतले की शरीर त्याला सरावते. तेवढ्याच मात्रेने पूर्वीइतका आराम पडत नाही. तोंडाने दररोज ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक मॉर्फिन, अथवा त्याच्या तोडीचे दुसरे औषध, आठवडाभर किंवा अधिक काळ घेणाऱ्या रुग्णाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या व्याख्येनुसार ‘सरावलेला’ रुग्ण मानतात. अशा रुग्णाला शस्त्रक्रियेनंतर इतरांपेक्षा अधिक वेदना होतात आणि नेहमीची मात्रा त्याला अपुरी पडते. काहींच्या बाबतीत तर दीर्घकाळच्या औषधाने मज्जासंस्थाच वेदनेला अधिक संवेदनशील होऊन बसते.

यावरून अशा रुग्णाला जास्त औषध द्यावे, एवढाच निष्कर्ष काढणे घातक ठरेल. वेदना शमविण्याच्या गुणाला शरीर जितके सरावते, तितके ते श्वास मंदावण्याच्या दोषाला सरावेलच असे नाही. त्यातच मिडाझोलाम किंवा प्रोपोफॉलसारखे गुंगीचे औषध मिसळले की श्वसनावरचा ताबा सुटू शकतो. घोरण्याचा आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार असलेल्या रुग्णात हा धोका वाढतो. तोंडाच्या कर्करोगात किंवा सुपारी-खर्ऱ्यामुळे जबडा आखडलेल्या रुग्णात तर तो सर्वाधिक असतो. ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याचा श्वास थांबला तर श्वासनलिकेत नळी घालणे हीच मोठी कसरत होते.

दुसरी बाजू याच्या नेमकी उलट आहे. ‘रात्री दहानंतर पोटात काही घ्यायचे नाही,’ अशी सूचना सर्वत्र दिली जाते आणि रुग्ण ती अक्षरशः पाळतो. अन्नासोबत तो गोळ्याही बंद करतो. मॉर्फिनची रात्रीची आणि सकाळची अशा दोन मात्रा चुकल्या आणि शस्त्रक्रियेला दुपारचा एक वाजला, तर तोपर्यंत रुग्णाच्या शरीरात औषधाची ओढ सुरू झालेली असते. घाम, जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, छातीत धडधड, वाढलेला रक्तदाब ही त्याची लक्षणे. भूलतज्ज्ञाला गोळ्यांची माहिती नसेल, तर हीच लक्षणे रुग्ण घाबरला म्हणून किंवा त्याला हृदयाचा त्रास आहे म्हणून वाचली जातात. वास्तविक घन आहार सहा तास आणि साधे पाणी दोन तास आधी थांबविणे, हा सर्वसाधारण नियम आहे. नेहमीची वेदनाशामक गोळी घोटभर पाण्याबरोबर ठरल्या वेळी घेण्यास त्यामुळे आडकाठी येत नाही. तरीही ही एक ओळ रुग्णाच्या हाती दिल्या जाणाऱ्या सूचनापत्रात सहसा आढळत नाही.

टेबलावर काय घडते?

छोट्या रुग्णालयांत हर्निया आणि अंडवृद्धीच्या शस्त्रक्रिया बहुधा पाठीत इंजेक्शन देऊन केल्या जातात. कमरेखालचा भाग बधिर झाल्याने अफूवर्गीय औषधांची गरजच भासत नाही आणि श्वासही सुरक्षित राहतो. सरावलेल्या रुग्णासाठी ही पद्धत खरोखरच उत्तम आहे. परंतु एक बारकावा सुटतो. पाठीतल्या इंजेक्शनाने वेदना थांबते, शरीराला लागलेली औषधाची सवय थांबत नाही. त्यामुळे रोजची मात्रा तशीच चालू ठेवावी लागते. ती ‘आता दुखतच नाही’ म्हणून बंद केली, तर बधिरता उतरण्याच्या सुमारास रुग्णाला वेदना आणि औषधाची ओढ या दोन्हींना एकाच वेळी तोंड द्यावे लागते.

याहून गंभीर चूक इंजेक्शनाच्या निवडीत होऊ शकते. मॉर्फिन आणि फेंटानिल ठेवण्यासाठी परवाना, नोंदवही आणि कुलूपबंद कपाट यांचा व्याप असल्याने अनेक छोट्या रुग्णालयांत पेंटाझोसिन, ब्युटॉर्फेनॉल किंवा नाल्ब्युफिन ही इंजेक्शने वापरली जातात. सामान्य रुग्णाला ती चालतात. मात्र मॉर्फिन नियमित घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात ती मॉर्फिनला त्याच्या जागेवरून हुसकावून लावतात. वेदना कमी होण्याऐवजी काही मिनिटांतच औषधाची तीव्र ओढ उफाळून येते. सद्हेतूने दिलेले वेदनाशामक अशा रुग्णाला सर्वाधिक यातना देऊ शकते. डॉक्टरांच्या कौशल्याचा येथे प्रश्न नसतो. रुग्ण मॉर्फिन घेतो, ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचलेली नसते, इतकेच.

ट्रामाडॉलची गोष्ट आणखी वेगळी. मनोविकारावरील किंवा नसांच्या दुखण्यावरील काही गोळ्यांसोबत ते घेतल्यास झटके येण्याचा आणि शरीरातील सेरोटोनिन धोकादायक पातळीवर जाण्याचा संभव असतो. शस्त्रक्रियेनंतर उलटी थांबविण्यासाठी सर्रास वापरले जाणारे ऑन्डान्सेट्रॉन ट्रामाडॉलचा वेदनाशामक परिणाम कमी करू शकते. सर्वांत सामान्य गफलत म्हणजे दोन चिठ्ठ्या आणि एकच औषध. कंबरदुखीच्या डॉक्टरांनी दिलेले ट्रामाडॉल एका नावाने घरात असते आणि सर्जनने दिलेले ट्रामाडॉल दुसऱ्या नावाने येते. रुग्ण दोन्ही इमानेइतबारे घेतो.

ब्युप्रेनॉर्फिनबाबत वैद्यकीय मत गेल्या दशकभरात बदलले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी ते काही दिवस थांबवावे, असे पूर्वी सांगितले जाई. अमेरिकेतील भूलशास्त्र आणि वेदनाशास्त्राच्या संघटनांनी २०२१ मध्ये एकत्रितपणे दिलेला सल्ला ते चालू ठेवण्याचा आहे. थांबविल्यास रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळण्याचा धोका मोठा असतो. नालट्रेक्सोनच्या गोळ्या मात्र सुमारे तीन दिवस आधी, तेही डॉक्टरांच्या सल्ल्याने, थांबवाव्या लागतात. फेंटानिलची चिकटपट्टी अंगावर असेल तर ती तशीच ठेवता येते. पण तिच्यावर गरम पाण्याची पिशवी किंवा उबदार हवेचे पांघरूण आले तर औषध वेगाने शरीरात उतरते. तीन औषधे आणि तीन निरनिराळे नियम. शस्त्रक्रियेच्या सकाळी दहा मिनिटांत हे सारे उलगडणे शक्य नाही, हे सांगण्यास तज्ज्ञाची गरज नाही.

कायद्याची दोन टोके

अमली औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारावर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम १९८५ मध्ये आला. तस्करी रोखणे हा त्याचा हेतू होता. परंतु परवान्यांची गुंतागुंत आणि कठोर शिक्षेची भीती यांमुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९८५ मध्ये देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर ५७३ किलो होता. तो १९९७ मध्ये १८ किलोपर्यंत घसरला. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकविणारा आणि नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने असलेला देश आपल्याच कर्करुग्णांना मॉर्फिन देऊ शकत नव्हता. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ मध्ये केलेल्या पाहणीनुसार भारतातील अशा औषधांच्या गरजेपैकी जेमतेम चार टक्के गरज भागत होती.

२०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक’ ठरविण्यात आली. २०१५ च्या नियमांनुसार राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेल्या वैद्यकीय संस्थेला ती ठेवता येतात. अनेक खात्यांचे उंबरठे झिजविण्याची गरज राहिली नाही. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. केरळपाठोपाठ महाराष्ट्राने २०१२ मध्येच परिहार सेवेचे, म्हणजे असाध्य आजारातील वेदनामुक्तीचे, धोरण जाहीर केले होते. धोरण आणि नियम दोन्ही अस्तित्वात आहेत. मान्यता घेण्याचा उत्साह मात्र मोठ्या शहरांतील संस्थांपुरता राहिला, तर जिल्ह्यातील रुग्णाच्या पदरी पुन्हा प्रवासच येतो.

दुसऱ्या टोकाला ट्रामाडॉल आहे. अनेक वर्षे ते साध्या चिठ्ठीवर, प्रसंगी चिठ्ठीविनाही, मिळत राहिले. औषध नियमांतील ‘एच-१’ या सूचीत त्याचा समावेश झाला आणि मार्च २०१४ पासून विक्रेत्याने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती तीन वर्षे जपण्याचे बंधन आले. एप्रिल २०१८ मध्ये ते १९८५ च्या अधिनियमाखालीही आणले गेले. त्यानंतर टॅपेंटाडॉलकडे ओघ वळला. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या गोळ्या महाराष्ट्रातील एका कारखान्यातून पश्चिम आफ्रिकेत बेकायदा पोहोचत असल्याचे बीबीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड केल्यावर केंद्राला या मिश्रणाच्या उत्पादन व निर्यातीच्या परवानग्या मागे घ्याव्या लागल्या.

परिणामी आज चित्र विपरीत आहे. ज्याला मॉर्फिनची खरी गरज आहे त्याला ते मिळण्यासाठी शेकडो किलोमीटर जावे लागते आणि ज्याने ट्रामाडॉल जपून घ्यावे त्याला ते कोपऱ्यावर मिळत आले. मॉर्फिनची नोंद दूरच्या शहरातील रुग्णालयाच्या कागदावर, तर ट्रामाडॉलची नोंद औषध विक्रेत्याच्या वहीत. भूलतज्ज्ञाच्या हाती यांतील एकही कागद नसतो.

घाटावर आणि घाटाखाली

बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५ लाख ८६ हजारांवर होती. जिल्ह्याचे नैसर्गिक दोन भाग पडतात. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हा घाटावरचा भाग. मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हा घाटाखालचा. मोताळा या दोहोंच्या सांध्यावर. घाटावरचा रुग्ण पुढील उपचारांसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा जालन्याकडे, तर घाटाखालचा अकोल्याकडे वळतो. कर्करोगाच्या उपचारांसाठी नागपूर गाठायचे, तर बुलढाण्याहून तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास. एकाच रुग्णाचे कागद अशा रीतीने दोन-तीन शहरांत विखुरलेले असतात.

घाटाखालच्या भागाला आणखी एक शाप आहे, खारपाणपट्ट्याचा. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत भूजल खारे आहे आणि तेथील मूत्रपिंडविकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे पुढे येत आहेत. भुलेच्या दृष्टीने याचा अर्थ गंभीर आहे. अफूवर्गीय औषधे टाळायची असतील तर डॉक्टर साहजिकच डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांकडे वळतात. परंतु दुर्बल मूत्रपिंडाला तीच औषधे घातक ठरतात. मॉर्फिनपासून शरीरात तयार होणारी द्रव्ये मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. ती साचून राहिली तर शस्त्रक्रियेनंतर काही तासांनी, म्हणजे रुग्ण घरी पोहोचल्यावर, गुंगी वाढत जाऊन श्वास मंदावू शकतो. ट्रामाडॉलच्या दोन मात्रांमधील अंतरही अशा रुग्णात वाढवावे लागते. सबब, या पट्ट्यातून येणाऱ्या रुग्णाची क्रिएटिनिन तपासणी झाल्याखेरीज वेदनाशामकांचा निर्णय घेणे योग्य नाही.

त्यानंतर येते रात्र. सायंकाळी सहा वाजता घरी सोडलेला रुग्ण बधिरता उतरल्यावर नऊ-दहाच्या सुमारास कळवळतो. नातेवाईक जवळ असलेली गोळी देतात. थोड्या वेळाने आणखी एक देतात. शहरात अशा वेळी रुग्णालय दहा मिनिटांवर असते. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून ते तासाभराच्या पलीकडे असू शकते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे आणि तिचा मोठा आधार आहे. पण श्वास मंदावल्याचे नातेवाइकांनी ओळखले, तरच तिला फोन जाईल. ‘गाढ झोपला आहे’ असे समजून रात्र काढली गेली, तर रुग्णवाहिकेचा उपयोग नाही. अफूवर्गीय औषधांवरचा उतारा असलेले नालॉक्सोन उपलब्ध झाले तरी त्याचा परिणाम साधारणतः तासाभरात ओसरतो आणि रुग्ण पुन्हा गुंगीत जाऊ शकतो. त्यामुळे उतारा दिल्यानंतरही देखरेख सोडता येत नाही.

अमेरिकेचा धडा, पण अर्धाच

या विषयावरील बहुतेक संशोधन अमेरिकेतून येते आणि त्यामागे तेथील दारुण अनुभव आहे. अफूवर्गीय औषधांच्या अतिवापरामुळे तेथे ऑक्टोबर २०१७ मध्ये सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. २०२२ या एका वर्षात तेथे अशा पदार्थांच्या अतिमात्रेने ८० हजारांहून अधिक मृत्यू झाले. २०१७ मध्येच प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ३६ हजार रुग्णांच्या एका अभ्यासात पूर्वी अशी औषधे न घेणाऱ्यांपैकी सुमारे सहा टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर तीन महिने उलटून गेल्यावरही ती घेत असल्याचे आढळले. शस्त्रक्रिया मोठी असो वा किरकोळ, हे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. म्हणजे एक दिवसाची शस्त्रक्रिया ही केवळ जुन्या सवयीच्या रुग्णांसाठीच जोखमीची नाही. नवी सवय लावण्याचेही ते एक प्रवेशद्वार ठरू शकते.

तथापि, अमेरिकेचा धडा जसाच्या तसा येथे गिरविणे चुकीचे होईल. तेथे औषधांचा महापूर होता, येथे मॉर्फिनचा दुष्काळ आहे. घबराटीपोटी सर्वच अफूवर्गीय औषधे नाकारली, तर त्याची किंमत कर्करोगाने तळमळणारा रुग्ण मोजेल. १९८५ नंतरच्या बारा वर्षांत ती मोजून झाली आहे. तेथून घेण्यासारखे आहे ते वेदनाशमनाचे संमिश्र तंत्र: पॅरासिटामॉल नियमित अंतराने, शक्य असेल तेथे सूज उतरविणारे औषध, जखमेभोवती बधिरतेचे इंजेक्शन, एखाद्या नसेपुरती बधिरता, गरज पडल्यास अत्यल्प मात्रेत केटामिन, आणि या सर्वांबरोबर रुग्णाची रोजची मात्रा कायम.

यांतील नसेपुरत्या बधिरतेसाठी सोनोग्राफीचे छोटे यंत्र उपयोगी पडते. गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी आवश्यक असल्याने आणि यंत्र एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेण्यावर निर्बंध असल्याने फिरत्या भूलतज्ज्ञाला ते सोबत बाळगणे कठीण जाते. मुलींच्या घटत्या जन्मप्रमाणाच्या पार्श्वभूमीवर हा कायदा सैल करण्याची मागणी कोणी करू नये. मात्र रुग्णालयाने स्वतःच्या नावावर नोंदणी करून शस्त्रक्रियागृहात यंत्र ठेवण्याचा मार्ग खुला आहे.

काय करता येईल?

पहिली गरज आहे ती शस्त्रक्रियेपूर्वी किमान काही दिवस आधी होणाऱ्या भूलपूर्व तपासणीची. ती प्रत्यक्ष शक्य नसेल तर दूरध्वनीवर किंवा व्हिडिओ कॉलवर व्हावी. घरातील सर्व गोळ्यांची पाकिटे, रिकामीसुद्धा, रुग्णाने सोबत आणावीत, एवढी सूचना दिली तरी निम्मे काम होते. गोळीचे नाव रुग्णाला सांगता येत नाही. पाकिटावर ते छापलेले असते.

दुसरी गरज साध्या कागदाची. मॉर्फिन, ट्रामाडॉल किंवा ब्युप्रेनॉर्फिन सुरू करणाऱ्या डॉक्टरांनी औषधाचे नाव, रोजची मात्रा आणि सुरू केल्याची तारीख लिहिलेले कार्ड रुग्णाला द्यावे. मधुमेहाचे आणि गर्भवती मातेचे कार्ड गावोगावी सांभाळले जाते, तसे हेही सांभाळले जाईल. त्यावर व्यसनाचा शिक्का नसावा, याची काळजी मात्र घ्यावी लागेल.

तिसरी बाब घरी सोडण्याच्या निर्णयाची. जास्त मात्रेतील औषधे घेणारा, मूत्रपिंडाचा किंवा झोपेतील श्वसनाचा विकार असलेला, नव्याने गुंगीचे औषध दिलेला आणि रात्री सोबत जागे माणूस किंवा हाताशी वाहन नसलेला रुग्ण त्याच दिवशी घरी पाठवू नये. ‘डे केअर’ हे रुग्णाच्या सोयीसाठी आहे. विम्याच्या किंवा खाटांच्या गणितासाठी एक रात्र वाचविण्याचा अट्टहास नको. घरी जाणाऱ्यांच्या नातेवाइकांना हाका मारून न उठणे, श्वास फार संथ होणे, ओठ निळसर पडणे ही धोक्याची चिन्हे मराठीत लिहून द्यावीत. शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्या मोजक्या दिवसांच्याच असाव्यात आणि त्या कोणी बंद करायच्या, याची जबाबदारी चिठ्ठीवर लिहिलेली असावी.

चौथी जबाबदारी शासनाची. बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय, शेगाव आणि मलकापूरची उपजिल्हा रुग्णालये या चार ठिकाणी अत्यावश्यक अफूवर्गीय औषधे, प्रशिक्षित डॉक्टर आणि नालॉक्सोन कायम असतील, तर घाटावरचा आणि घाटाखालचा बहुतेक रुग्ण वाऱ्यावर राहणार नाही. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच वेळी दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांत बुलढाण्याचे शंभर जागांचे महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हणजे भूलशास्त्राचा स्वतंत्र विभाग. या विभागाने शस्त्रक्रियागृहाच्या चार भिंतींबाहेर येऊन भूलपूर्व तपासणी आणि वेदनानिवारण यांचा बाह्यरुग्ण विभाग चालविला, तर जिल्ह्यातील खासगी रुग्णालयांनाही सल्ल्यासाठी एक हक्काचे ठिकाण मिळेल. इमारत, खाटा आणि यंत्रे यांची चर्चा महाविद्यालयाच्या निमित्ताने बरीच झाली आहे. या विभागाची चर्चा अद्याप व्हायची आहे.

यांतील बऱ्याच गोष्टींना मोठा निधी लागत नाही. एक छापील कार्ड, सूचनापत्रात वाढविलेली एक ओळ आणि भूलतज्ज्ञाला रुग्णाशी बोलण्यासाठी मिळालेली पंधरा मिनिटे, एवढाच त्यांचा प्रारंभीचा खर्च आहे. शस्त्रक्रियेची तारीख ठरविताना सर्जनची वेळ पाहिली जाते, खाट पाहिली जाते, विम्याची मंजुरी पाहिली जाते. रुग्णाच्या पिशवीतील गोळ्याही त्याच दिवशी पाहिल्या जाव्यात, अशी अपेक्षा धरणे अवाजवी नाही.